पान बघून वाढणारं मशीन

बोर्डाला हात लावायचा नाही, असं मशीनच्या खोलीचे साहेब हयवदनराव यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता मला कुणी असं बजावलं की माझे हात शिवशिवायला लागतात, त्याला मी काय करू? लहानपणी आईनं सोवळ्यातल्या घागरीला शिवू नकोस म्हटलं की मी नेमकी तिथंच घुटमळायची. पाठीत धपाटे खाल्ले, पण सवय गेली नाही.

ही गोष्ट बासष्ट सालची. बेंगळुरात तेव्हा क्षयाची पाहणी चालू होती आणि मी त्या पाहणीच्या ऑफिसात नोकरीला होते, मार्केटजवळच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर. गणितात बी. एस्सी. झालेली मी, आणि काम काय, तर कार्डांना भोकं पाडायची. वर्षभर ते केलं, मग भांडून भांडून मशीनच्या खोलीत जागा मिळवली. तिथं कार्डं भरायची, कागद लावायचा, तेल-पाणी बघायचं. बोर्ड सोडून सगळं.

बोर्ड म्हणजे भोकाभोकांची एक चौकट. त्यात वायरी खोचायच्या. कार्डाच्या कुठल्या रकान्यातलं कागदावर कुठं छापायचं, ते या वायरी सांगतात. मशीन दिसायला हत्तीएवढं, आवाजही तसाच, पण स्वतःची अक्कल शून्य. वायर सांगेल तसं छापणार. चौकट बदलली की मशीनचं डोकं बदललं. ते डोकं हयवदनरावांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

आमच्याकडं कार्डं तीन प्रकारची. एक घराचं, एक माणसाचं, एक थुंकीच्या तपासणीचं. नर्स घरोघर जाऊन चिठ्ठ्या भरायच्या, थुंकीच्या चिठ्ठीवर प्रयोगशाळेत निकाल चढायचा आणि त्या चिठ्ठ्यांवरून मुली कार्डं पंच करायच्या. कार्डं दिसायला सगळी सारखीच, आतली मांडणी मात्र निराळी. माणसाच्या कार्डात ज्या रकान्यात वय, थुंकीच्या कार्डात त्याच रकान्यात निकाल. माणसाचा बोर्ड लावून थुंकीचं कार्ड आत सोडलं, तर निकालच वय म्हणून छापून यायचा. म्हणून हयवदनरावांची पद्धत अशी, की आधी तिन्ही प्रकार वेगळे काढायचे, मग तीन बोर्ड, तीन फेऱ्या, तीन कागद. नंतर मुलींनी नंबर बघून कुणाच्या नावापुढं कुठला निकाल ते जुळवायचं. त्यावरून गोळ्यांची पाकिटं बांधली जायची.

त्या कागदावर आमच्याही घरचं नाव निघालं होतं. अंबूबाई, म्हणजे माझी आई.

आमचं घर चामराजपेटेत. घरात आई, माझा थोरला भाऊ अण्णा, त्याची बायको पद्मावतीवहिनी, त्यांची तान्ही मुलगी सुलभा आणि मी. आईचं नाव निघाल्यापासून तिला मागच्या खोलीत हलवलं. ताट वेगळं, पितळी पेला वेगळा, अंथरूण वेगळं. जन्मभर जिनं त्या स्वयंपाकघरात कुणाला पाय ठेवू दिला नाही, तिलाच आम्ही स्वयंपाकघरात येऊ देईना. आणि सुलभाला तर हातही लावू देईना. मूल रडलं की आई उंबऱ्यापर्यंत यायची, थबकायची आणि परत फिरायची. मला बघवायचं नाही, म्हणून मी आणखीच वसावसा ओरडायची.

गोळ्या द्यायचं काम माझ्याकडं. आई गोळी गालात दाबून ठेवायची आणि खिडकीतून थुंकायची.

"आ कर," मी म्हणायची. "जीभ उचल. गाल दाखव."

"मला काही झालेलं नाही ग अनुसूया. तुझ्या त्या मशीनलाच खोकला झालाय."

"मशीनला शहाणपण शिकवू नकोस. गीळ."

दोन महिन्यांनी तिची थुंकी पुन्हा तपासली. साफ निघाली. बघ, गोळ्या लागू पडल्या की नाही, म्हणून मी घरभर मिरवले. वहिनी तेवढी खंगत चालली होती. खोकायचीही. पण बाळंतपण झालेलं, रात्रीची जागरणं, चुलीचा धूर, शिवाय आता सगळा स्वयंपाक तिच्या एकटीच्या गळ्यात. खोकली तर काय नवल, असंच सगळे म्हणत होतो.

आणि मग एका शुक्रवारी यल्लव्वा ऑफिसात आली.

यल्लव्वा म्हणजे आमची घरोघर फिरणारी नर्स. मूळची खानापूरकडची, कन्नड आणि मराठी दोन्हींत सारखीच तिखट. तिनं चप्पल दाराबाहेर काढली, सरळ आत आली आणि हयवदनरावांच्या खुर्चीवर बसली. ते बिचारे हात धुवायला गेले होते. परत आले तो खुर्चीवर ही.

"काय करालाय तुम्ही हितं बसून?" ती म्हणाली. "देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळची ती तानूबाई. तिला गोळ्या लावल्या तुम्ही. म्हातारी अशी ठणठणीत, की माझ्याआधी टेकडी चढंल. आणि तिची सून भागुबाई काल गेली. रगत ओकून गेली. आजारी ती होती! मी चिठ्ठी तिच्याखाली ठेवली होती, माझ्या ह्या हातानं!"

खोलीत मशीन चालू होतं. मी ते बंद केलं. 

"नंबर काय होता?" हयवदनरावांनी विचारलं.

"नंबर घाला चुलीत! थुंकीच्या डबीवर माणसाचा नंबर तुम्ही आधीच चिकटवून देताय. माणसं काय नंबरानं येतात? येतील तशी येतात, हाताला लागंल ती डबी घेतात. म्हणून तर मी घराघराचा गठ्ठा दोऱ्यानं बांधते. वर घर. त्याच्याखाली माणूस, त्या माणसाखाली त्याची थुंकी. मग दुसरा माणूस, त्याची थुंकी. ज्याचं त्याच्याखाली. तोंड ओळखून ठेवते मी. तुम्ही दोरा सोडता आणि सगळं उधळता!"

"नियमावलीत नंबर आहे. क्रम नाही," हयवदनराव म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता हो. पण नियमावली म्हणजे त्यांना प्रत्यक्ष पोथी. आवाज मात्र त्यांचाही खाली आला होता. "आणि क्रम ठेवून करणार काय? मशीनला एका वेळी एकाच प्रकारचं कार्ड चालतं. तीन जातींची कार्डं एका पंगतीत बसवू?"

"बसवा," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मला थांबायला हवं होतं, पण मी कसली थांबते!

"सर, प्रत्येक कार्डाच्या पहिल्या रकान्यात प्रकाराचं भोक आहे. ते बघूनच तुम्ही तीन ढीग करता ना? मग तेच भोक छापणाऱ्या मशीननं का बघू नये? कार्ड आलं, भोक बघितलं, घराचं असेल तर घरासारखं छापलं. पुढचं आलं, माणसाचं निघालं, तर माणसासारखं. आधी ठरवून ठेवायचंच कशाला? लग्नाच्या पंगतीत उपासवाल्यांना काय निराळ्या मांडवात बसवता? वाढणारी बाई पुढं येते, पान बघते आणि वाढते. साबुदाण्याच्या पानावर भात टाकत नाही आणि भाताच्या पानावर साबुदाणा टाकत नाही. ओळ मोडायची गरजच काय?"

"वाढणाऱ्या बाईला डोळे असतात, अनुसूयाबाई."

"मशीनलाही आहेत. आपण ते उघडतच नाही."

हयवदनरावांनी मान हलवली. यल्लव्वा त्यांच्या खुर्चीवरून उठायला तयार नव्हती. "सोमवारी चामराजपेटेत पुढच्या गोळ्या वाटायच्या आहेत," ती म्हणाली. "वाटणार मीच. तुमच्या ह्या यादीवरनं मी एक पाकीट वाटणार न्हाई. दुसऱ्या कुणाला धाडलं, तर तिच्या आडवी पडंन."

चामराजपेट म्हटल्यावर मला मागच्या खोलीतली आई दिसली, आणि चुलीपाशी खोकणारी वहिनी. मी तो विचार झटकून टाकायला बघितला. आई गोळ्यांनी बरी झाली होती ना? थुंकी साफ निघाली होती ना? पण जी मुळात आजारीच नव्हती, तिची थुंकी साफच निघणार की! अय्यो देवा. एकदा हे डोक्यात आल्यावर मग काही केल्या बाहेर जाईना.

"सर, मला चामराजपेटेचे गठ्ठे द्या," मी म्हटलं. "सगळा वॉर्ड. उधळतात ती कार्डं, चिठ्ठ्या आम्ही परत त्याच दोऱ्यात बांधून ठेवतो. शनिवारी नव्यानं पंच करतो, दोऱ्यातल्या क्रमानं. रविवारी मी बोर्ड बांधते. सोमवारी तुमच्यासमोर चालवून दाखवते, गोळ्यांची गाडी निघायच्या आत."

"आणि नाही चाललं तर?"

"तर मला परत पंचिंगच्या टेबलावर बसवा. बोर्डाचं नाव काढणार नाही."

त्यांनी यल्लव्वाकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, आणि जानव्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. "वायर जळली तर मी वर कळवणार," म्हणाले.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं आणि ते काही बोलायच्या आत किल्ली उचलली.

आमच्या घराचा गठ्ठा तेव्हाच सोडून बघता आला असता. अहल्यानं तेच सुचवलं. अहल्या पंचिंगच्या मुलींची पुढारी, माझी मैत्रीण. "एक दोरा सोड आणि बघ की ग, जीव कशाला टांगणीला लावतेस?" पण मी नाही म्हटलं. माझ्या घरचं मी बघितलं असतं, तर हयवदनरावांनी काय म्हटलं असतं? की हिला हवं तेच हिला दिसलं. आणि आमच्या गल्लीतल्या उरलेल्या घरांचं काय? तिथंही कुणाची तरी वहिनी खोकत होती. जे सांगायचं ते मशीननं सांगायचं, सगळ्या वॉर्डाचं एकदम, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

शनिवारी मुलींनी सपाटून काम केलं. एकीनंही कुरकूर केली नाही. भागुबाईचं सगळ्यांना कळलं होतं. पंच करणारी मुलगी वाचत नाही, तिची बोटं वाचतात, त्यामुळं कुठल्या घरात काय निघालं ते त्यांनाही कळलं नाही. संध्याकाळी कार्डांचे ट्रे भरून उभे होते. प्रत्येक घर आपापल्या माणसांसकट, प्रत्येक माणूस आपापल्या निकालासकट.

घरी गेले, तर वहिनी सुलभाला मांडीवर घेऊन भाजी चिरत होती. मध्येच पदर तोंडावर दाबून खोकली.

"दे ग तिला इकडं," मी सुलभाला उचललं.

"राहू दे वन्सं, तुम्ही दमून आलाय."

"दे म्हटलं ना! आणि उद्या तू नुसती पडून राहायचंस. स्वयंपाकाचं अण्णा बघेल, नाहीतर खानावळीतून आणेल."

ती गोंधळून हसली. मागच्या खोलीतून आई सगळं ऐकत होती. पाहणीच्या दिवशी थुंकी द्यायला आधी कोण गेलं होतं, एवढंच आईला विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं, तर तिला तत्काळ कळलं असतं मी का विचारते ते. खात्री नसताना घरात तो संशय सोडायची माझी हिंमत झाली नाही. मी, जी कुणाला भीत नाही, ती आईच्या दारावरून मुकाट्यानं पुढं गेले.

रविवारी सकाळी बसवंत आला. हा मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक, निपाणीचा, राहायचा के. आर. पुरमला रेल्वेच्या रुळांलगत. त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून आधी तो फुगलेला होता. मी त्याला काय करायचंय ते सांगितलं, तसा त्याचा चेहराच पालटला.

"बाई, हे मशीन आलं तेव्हापासून त्यात सिलेक्टर आहेत," तो म्हणाला. "तुमच्या साहेबांनी एकाला पण वायर लावली नाही. मला वाटलं, इथं कुणाला नकोच आहेत."

"नीट सांग. सिलेक्टर करतो काय?"

"आमच्या घरामागं सांधेवाला असतो ना, तो करतो ते. गाडी बंगारपेटेची आली तर सांधा इकडं, दुसरीकडची आली तर तिकडं. रूळ तेच, वाट बदलते. एका वायरीतून येणारा मजकूर ह्या भोकातून पाठवायचा की त्या, ते सिलेक्टर ठरवतो. त्याला फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे, की आता कुठली गाडी आली."

"पहिल्या रकान्यातलं भोक सांगेल!"

"तर काय."

मी बोर्ड पुढ्यात घेतला आणि वायरी खोचायला बसले. माणसाचं कार्ड असेल तर या रकान्यातून वय. थुंकीचं असेल तर त्याच रकान्यातून निकाल, आणि निकाल वाईट असेल तर नावाखाली एक चांदणी. घराचं असेल तर ओळ सोडून पत्ता. वायरींचं असं जंजाळ झालं, की बसवंत म्हणाला, "बाई, ह्यात चिमणी घरटं करंल." त्याला जेवायला पाठवलं आणि मी केळी खाऊन बसले तिथंच.

दुपारी पहिली फेरी सोडली. मशीन गरगरलं, कागद वर सरकला, आणि मी डोक्याला हात लावला. घराचा पत्ता थुंकीच्या निकालासारखा छापलेला. माणसाचं नाव थुंकीच्या मांडणीत पडून तुकडे तुकडे झालेलं. सगळं चूक, पण विचित्र चूक. प्रत्येक कार्ड आपल्या आधीच्या कार्डाच्या मांडणीत छापलं जात होतं. घर गेलं की पुढचा माणूस घरासारखा, माणूस गेला की पुढची थुंकी माणसासारखी.

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, तिथं स्टुलावर बसून खरंच रडले. मग चिडले. मशीनवर नाही, स्वतःवर. कार्डं हातात घेतली आणि एकेक सावकाश आत सोडून बघायला लागले. कार्ड आधी भोकं चाचपणाऱ्या पहिल्या ब्रशाखालून जातं, मग तसल्याच दुसऱ्या ब्रशाखालून. छापलं जातं ते दुसऱ्या ब्रशाखाली. आणि मी ओळख कुठून घेतली होती? दुसऱ्याच ब्रशातून! म्हणजे कार्ड कुठल्या प्रकारचं ते कळेपर्यंत कार्ड छापून मोकळं. पाहुणा जेवून उठल्यावर त्याचं पान बघून उपयोग काय? ते शहाणपण पुढच्या पाहुण्याच्या पानात पडणार.

"बसवंत!" मी एवढ्यानं ओरडले, की तो जिन्यावरून पळत आला. "ओळख पहिल्या ब्रशापाशी. वाचन दुसऱ्यापाशी. आधी बघायचं, मग वाढायचं!"

"आता हे एवढंच बाकी होतं होय?" तो हसत म्हणाला.

वायरी हलवल्या. थोडी कार्डं सोडली. घर, माणूस, थुंकी, माणूस, थुंकी, घर. एकामागून एक, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी, आपापल्या रूपात. निर्बुद्ध लोखंड ते, पण समोर आलेल्याला ओळखत होतं. मी बसवंतला म्हटलं, बस्स, आता बंद कर. पूर्ण फेरी उद्या, सगळ्यांसमोर.

सोमवारी सकाळी हयवदनराव गंध लावून आले आणि मशीनपाशी हाताची घडी घालून उभे राहिले. यल्लव्वा कागद बाहेर येतो तिथं. दारात अहल्या आणि पंचिंगच्या मुली. खाली गोळ्यांची गाडी उभी. मी कार्डं भरली आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. पहिलं घर आलं. यल्लव्वा वाकून बघत होती. "बरोबर," ती म्हणाली. पुढचं घर. "हं. ही खरी आजारी. हिच्या सासूला लावल्या होत्या तुम्ही." पुढचं. "हे बरोबर." पुढचं. "हे बघा, इथं पण सासूच्या जागी सून." तिला प्रत्येक चेहरा आठवत होता. हयवदनराव जुनी यादी हातात घेऊन ताडून बघत होते. आधी घडी सुटली, मग चष्मा निघाला, मग ते स्वतःच वाकले. "पुन्हा सासू आणि सून," ते पुटपुटले. "इथंही. इथंही."

मग आमची गल्ली आली. शेजारच्यांचं घर आलं. मला पुढचं घर माहीत होतं.

मशीन थांबवायचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. पत्ता छापला गेला. अण्णाचं नाव. त्याखाली काही नाही. पद्मावती. त्याखाली चांदणी. अंबूबाई. त्याखाली कोरं.

"अनुसूयाबाई, हे तुमचंच..." हयवदनराव म्हणाले.

"हो. आमचंच." मी म्हटलं. "वॉर्ड अजून संपला नाही, सर."

मी बटणावरचं बोट काढून घेतलं. मशीन चालूच राहिलं, शेवटच्या कार्डापर्यंत. मग हयवदनरावांनी जुनी यादी मधोमध फाडली. नियमावलीतला माणूस तो, आणि सरकारी कागद फाडला! "पाकिटं ह्या कागदावरून बांधा," ते मुलींना म्हणाले. "आणि मागचे सगळे वॉर्ड काढा. दोऱ्यातला क्रम न मोडता. देवनहळ्ळीचे आधी." किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

मी यल्लव्वाच्या गाडीतूनच घरी गेले. वहिनी ओसरीवर सुलभाला पाजत बसली होती. यल्लव्वानं तिच्यापाशी बसून, पाठीवर हात ठेवून तिला सांगितलं. एक्स-रे काढायचा, मुलीलाही दाखवायचं, गोळ्या नेमानं घ्यायच्या, बरी होशील. काही दिवस मात्र मुलीला जवळ झोपवायचं नाही. वहिनीनं सुलभाला छातीशी घट्ट धरलं, मग एकदम दूर धरलं, आणि कुणाकडं द्यावं ते न कळून तशीच बसून राहिली.

मी मागच्या खोलीत गेले. आई खिडकीपाशी वाती वळत होती.

"आई, पाहणीच्या दिवशी थुंकी द्यायला आधी कोण गेलं होतं, तू की वहिनी?"

"मीच. का ग?"

"चिठ्ठीवर दुसरा नंबर वहिनीचा होता. अण्णानं आपलं आणि मग बायकोचं नाव सांगितलं होतं. तुझं तिसरं."

"मला काय ठाऊक नंबराचं? अण्णा देऊन आला, मग पुढची डबी मी घेतली. पद्मावती माझ्या मागं उभी होती." आईनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की एवढं शिकून हिला इतकंही कळत नाही. "म्हातारी उभी असताना सून पुढं होईल का कधी? आपल्याकडं काय, कुणाच्याही घरी होईल का?"

नाही होणार. वॉर्डातल्या एकाही घरात नव्हती झाली.

मी तिच्यापाशी जमिनीवर बसले. "आई, तुला काही झालेलं नव्हतं," मी म्हटलं. "वहिनीला झालंय."

मला वाटलं, ती आता मला फाडून खाईल. इतके महिने तोंड उघडून जीभ दाखवायला लावली होती मी तिला. तिनं वातींची टोपली बाजूला सारली. उठली. कोनाड्यातलं आपलं वेगळं ताट आणि तो पितळी पेला उचलला. मोरीत जाऊन राख लावून लखलखीत घासला. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली, थबकली नाही, सरळ आत गेली आणि ताट-पेला घरच्या भांड्यांच्या फळीवर सगळ्यांच्या रांगेत लावून टाकला.

तशीच ओसरीवर आली. पदराला हात पुसून वहिनीपुढं दोन्ही हात पसरले, आणि वहिनीनं सुलभा तिच्या हातात दिली. इतक्या दिवसांनी नात हातात आली, पण आई तिला घेऊन आत गेली नाही. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, वहिनीला मूल दिसेल असं तोंड करून बसली.

"इथंच बसणार आहे मी हिला घेऊन, रोज," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांसमोर. आणि तुझं ताट वेगळं कुणी मांडायचं नाही. भांडी मी उकळत्या पाण्यानं धुवीन, काय करायचं ते करीन. एकटीनं भिंतीकडं तोंड करून जेवायला कसं वाटतं, ते ह्या घरात मला एकटीला ठाऊक आहे."

वहिनी तेव्हा रडली. आई तिला रडू देत बसली. मग माझ्याकडं वळली.

"तू काय उभी आहेस खांबासारखी? पाणी आण तिला. आणि गोळी जिभेवर ठेवू नकोस ग पद्मावती, फार कडू लागते. एकदम मागं टाकायची. मी दाखवते."